निवडुंगाखालची ओल

"या गावात डोकं दोघांनाच आहे," भाऊजी म्हणायचे. "एक मी, आणि दुसरा अजून सापडायचाय."

भाऊजी काचघराच्या दारात तिकिटं तपासायचे. गुप्तहेर ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती आणि मदतनीस म्हणून मेव्हण्याला धरलं होतं. तो बिचारा तिकीटखिडकीवर बसायचा आणि बोलावलं की वही घेऊन निमूट यायचा. नाही म्हटलं तर तक्रार ताईपर्यंत जायची.

काचघरात तीन दालनं होती. एक थंड डोंगराचं, एक पावसाळी जंगलाचं, एक वाळवंटाचं. भानगड झाली वाळवंटात. माळीकाकांनी तीस वर्षं जपलेल्या निवडुंगाच्या बुडाशी रोज दुपारी ओल दिसायची. मूळ कुजायला लागलं होतं. काचघराच्या साहेबांनी काकांना बजावलं, "उद्या परत ओल दिसली तर दालनाची किल्ली माझ्याकडे द्या." तेव्हापासून काकांना घास जाईना. मेव्हण्याला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

"लिही," भाऊजी म्हणाले. "संशयित पहिला, थंड दालनातल्या बाई. मत्सर."

"भाऊजी, त्या आठवडाभर रजेवर आहेत."

"म्हणजे सवड भरपूर. संशयित दुसरा, खुद्द निवडुंग."

"तो कसा?"

"तीस वर्षं पाणी धरून बसलाय. कधीतरी धीर सुटणारच."

मेव्हण्याने लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाळत सुरू झाली. भाऊजी दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांआड लपले, मेव्हणा खडकामागे. तासभर चिटपाखरू फिरकलं नाही. भाऊजींच्या टकलावर मात्र टपटप चालू होती.

"घाम आहे," ते कुजबुजले. "विचार केला की येतो."

साहेब त्या दिवशी रोजच्यापेक्षा तासभर आधीच आले, मागोमाग काका. निवडुंगाखाली ओल होतीच. काकांनी खिशातून किल्ली काढली.

तेवढ्यात सफाईवाल्या मावशी फरशी पुसायला आल्या. "काका, पावसाळी दालनातल्यांचे एप्रन कुठेच वाळत नाहीत म्हणून तुम्ही ही दोरी बांधून दिलीत, चांगलं केलंत. पण जरा सरकवा की. सगळं पाणी झाडाच्या बुडात गळतं. तुम्ही बाहेर रोपं लावून येईपर्यंत लोक कपडे घेऊन गेलेले असतात."

सगळ्यांनी वर पाहिलं. एप्रन जवळजवळ वाळले होते. निवडुंगाच्या बरोबर डोक्यावर एक लांबलचक रेनकोट निथळत होता.

"हा कोणाचा?" काकांनी विचारलं.

"साहेबांचा. रोज बाराला पावसाळी दालनाची पाहणी असते ना त्यांची."

साहेब खोकले. "दोरी दाराकडे बांधा," एवढंच म्हणाले आणि रेनकोट काखोटीला मारून चालू लागले. किल्ली काकांच्या हातातच राहिली.

भाऊजी टक्कल पुसत बाहेर आले. "लिही, प्रकरण आम्ही सोडवलं. गुन्हेगाराचं नाव नको, रजेचे अर्ज त्याच्याकडेच जातात."

मेव्हण्याने 'आम्ही' खोडून 'मावशींनी' लिहिलं. काका वाळूच्या कडेला टेकले होते.

"मावशी," ते म्हणाले, "डब्यात काही उरलंय का हो?"