वाघनेरच्या राज्याची वाटणी

आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिणं म्हणजे परीक्षेचा पेपर, एवढंच मला ठाऊक. पण दयारामआप्पांबद्दल दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून हे धाडस.

रनाळ्यात आमच्या शेजारी राहणारे आप्पा रोज संध्याकाळी ओट्यावर बसून वाघनेरच्या प्राचीन साम्राज्याचा इतिहास सांगायचे. हे साम्राज्य कोणत्याच पुस्तकात नाही. मी इतिहास घेऊन बी.ए. करतो, म्हणून नंदुरबारला सरांना विचारलं. सर हसले. ते मी घाबरत घाबरत आप्पांना सांगितलं.

"तुन्हा सर कोठला? नाशिकना? मंग त्याले काय माहीत!"

आप्पांच्या मते वाघनेरचा पहिला राजा साधा शेतकरी होता. शत्रूची फौज चालून आली तेव्हा त्यानं वारा बघितला आणि वाळत घातलेल्या मिरच्या पेटवून दिल्या. "फौज शिंकत शिंकत सुरतले गई, भो!" मग राज्य वाढलं. हत्ती आले, तोफा आल्या.

"आप्पा, त्या काळात तोफा?"

"लहान्या व्हत्यात."

वाटणी आली की मात्र त्यांचा आवाज उतरायचा. दोन राजपुत्र भांडले, पंच बसले. तापीच्या अलीकडचं राज्य धाकट्याला, पलीकडचं थोरल्याला. गायी वाटल्या, भांडी वाटली. शेवटी म्हातारा राजा आणि राणी उरली. पंचांनी तीही वाटली. राजा धाकट्याकडे, राणी थोरल्याकडे.

"मंग राजा तिले भेटाले गया नही का?" ओट्यावरचं कोणीतरी विचारायचं.

"बलावना बिगर राजा जास का रे?"

"पुढे काय व्हयनं?"

"खबर उनी नही आजून."

"हजार वरीस व्हयनात आप्पा, खबर कोनती बसमा बसेल शे?"

सगळे हसायचे. मीही.

एकदा घरी हे हसत सांगितलं. आई भाकरी थापत होती, ती हसली नाही. "येडा! शांताकाकू म्हसावदले कोनाकडे शे, माहीत नही का तुले?"

माहीत होतं. काकू म्हणजे आप्पांची बायको. मुलांच्या वाटणीत काकूंच्या माहेरची जमीन थोरल्याच्या वाट्याला आली आणि काकूही. आप्पा इथं धाकट्या भटूदादाकडे राहिले. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, हेही माहीत होतं. पण म्हसावद तापीच्या पलीकडे आहे, हे मला, इतिहासाच्या विद्यार्थ्याला, कधी सुचलं नव्हतं.

मग मी नीट ऐकू लागलो. लढाया संपल्या की आप्पा हळूच म्हणायचे, "राणीना गुडघा हिवाळामा भलता दुखे. तठे तेल कोन लाई देत व्हई?" इथवर बहुतेक लोक उठून गेलेले असत.

मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी भटूदादा बाहेर आला. तो कधी ओट्यावर बसत नसे. त्या दिवशी आप्पांना लागून बसला.

"आप्पा, दादाना फोन उना व्हता."

आप्पा ताठ झाले. "तुले? तो बोलना तुन्हासंगे?"

"हा."

"मंग? माले बलावं का?"

"बलायं शे."

आप्पांनी टोपी सारखी केली, चप्पल शोधायला पाय खाली सोडले. "कधय जावानं?"

"आत्तेच," भटूदादा म्हणाला. "माय गई, आप्पा."