माझ्या नावावरची बेचाळीस पुस्तकं

माणसानं खोटं बोलू नये, हे मला मान्य आहे. पण समोरचा आपणहून आपल्याविषयी चांगलं बोलत असेल, तर मध्येच त्याचं तोंड धरावं असं कोणत्या शास्त्रात सांगितलंय? मी फक्त गप्प बसलो. (गप्प बसणं हा माझा मोठा गुण. चिखलीच्या तहसील कचेरीत अकरा वर्षं टिकलो तो त्याच्याच जोरावर.)

त्याचं असं झालं. गावातल्या वाचनालयाचं काम किसनराव मास्तर पाहायचे. एका रविवारी मी पुस्तक बदलायला गेलो, तर मास्तर मला पाहून खुर्चीतून उठून उभे राहिले. मी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं. मला पाहून आजवर कोणी उठलं नव्हतं. कचेरीत तर मी आलो की उभा असलेला चपराशीसुद्धा खाली बसतो.

"शेषराव," मास्तर रजिस्टरावर बोट ठेवून म्हणाले, "वर्षाच्या आत बेचाळीस पुस्तकं! साऱ्या चिखलीत एवढं कोणी वाचत नाही. मी मास्तर असून माझी अकरा झाली."

आता खरं काय ते तुम्हाला सांगतो. ती बेचाळीस पुस्तकं माझ्या नावावर होती, पण वाचली होती आमच्या मंडळीनं, अन्नपूर्णेनं. ती धाड गावची. तिचे वडील तिथं शाळेत मास्तर होते, त्यांनी पोरीला लिहायला-वाचायला शिकवलं आणि मग माझ्याशी लग्न लावून दिलं. त्या काळी बाई वाचनालयात शिरली असती, तर त्यावर चर्चा करायला वाचनालय आठ दिवस बंद ठेवावं लागलं असतं. म्हणून मी एका हातात वांगी आणि एका हातात पुस्तक असा घरी यायचो. मी स्वतः नकलनवीस. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. हुकूम नागपूरहून निघायचे आणि अकरा ते पाच मी त्यांच्या नकला उतरायचो. पाचनंतर छापील अक्षर दिसलं, की माझं मनगट दुखायला लागायचं.

हे सगळं मास्तरांना सांगावं म्हणून मी तोंड उघडलंही होतं. इतक्यात खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या भगवानराव वकिलांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. ह्या वकिलांना मी अकरा वर्षं नकला देत होतो, पण त्यांनी मान वर करून कधी माझं तोंड पाहिलं नव्हतं. मी तोंड मिटलं.

"ठरलं तर," मास्तर म्हणाले. "वाचकांचं मंडळ काढू. दर रविवारी चार वाजता जमायचं. सध्या आपण काय वाचतोय ते ज्यानं त्यानं सांगायचं. सुरुवात तुमच्यापासून. सध्या काय चालू आहे?"

मी घरी न्यायला काढलेलं नवं पुस्तक उलटं केलं आणि वाचून सांगितलं, "इंदुप्रभा अथवा मोहनगडची बंदिवान."

"साडेपाचशे पानं!" वकील म्हणाले. "वा."

ते 'वा' मी घरापर्यंत जपून नेलं. अन्नपूर्णा भाकरी थापत होती. तिला सगळं सांगितलं, तर ती खुदकन हसली.

"हाव? मंग वाचा ना आता."

"मले कोठी वेळ आहे? तू वाच अन् मले सांग."

"मी सांगू? तुमाले?"

तिनं असं काही माझ्याकडे पाहिलं, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. आठ वर्षांच्या संसारात, 'तू काय वाचतेस,' असं तिला कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. ती सांगायला लागली आणि तव्यावरची भाकरी करपली. दुसरी टाकली, तीही करपली. पुढचा महिनाभर मी काळ्या भाकरी खाल्ल्या, पण इंदुप्रभेच्या गोष्टीत एकही धागा सुटला नाही.

सुटले ते माझ्याकडून. इंदुप्रभेला कैदेत टाकणारा तिचा चुलता होता, त्याला मी पहिल्याच रविवारी मेव्हणा केला आणि पुढं तसाच ठेवला. तरी मंडळ भरायला लागलं. चारचे दहा झाले, दहाचे वीस झाले. त्यात एक होता पुंजाजी माळी. नदीकाठी त्याचा कांद्या-वांग्यांचा मळा. पहिल्या दिवशी तो पागोटं मांडीवर घेऊन दाराशीच बसला आणि म्हणाला, "मास्तर, मले अक्षर येत नाई. मी नुसतं आयकलं तं चालन का?" इंदुप्रभेला तळघरात कोंडली, त्या रविवारी त्यानं त्याच पागोट्यानं डोळे पुसले.

बाजाराच्या दिवशी त्यानं मला भर गर्दीत गाठलं.

"बाबूसायब, त्या पोरीले जेवाले देते का नाई तो हरामखोर?"

आता हे मला काय माहीत? "थांब," म्हणालो, आणि घरी आलो. अन्नपूर्णेला विचारलं. ती म्हणाली, "देते. कोरडी भाकर, एक वखत." मी परत बाजारात गेलो आणि पुंजाजीला सांगितलं. त्याला जरा बरं वाटलं. त्या नादात कचेरीला उशीर झाला, पण वाचनासाठी माणसानं एवढं सोसायला पाहिजे.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि मास्तर नि वकील माझ्या घरी चहाला आले.

वकील सतरंजीवर बसले, इकडं तिकडं पाहून म्हणाले, "वहिनींनाही तुमच्यासारखी वाचनाची आवड असेल?"

इथंही मला गप्प बसता आलं असतं. आयुष्यात एकदा गप्प बसायला पाहिजे होतं ते इथं. पण मी मांडीवर थाप मारून म्हणालो, "छे हो! तिले कायचं वाचन? तिच्या लेखी पुस्तक म्हणजे चूल पेटवायचा कागद!"

दोघं हसले. मी त्यांच्याहून मोठ्यानं हसलो. दारामागं कपबशी वाजली. थोड्या वेळानं तीन कप चहा आला. त्यातले दोन गोड होते.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. सकाळी माझ्या कचेरीच्या कोटावर 'इंदुप्रभा' ठेवलेली होती.

"हे कायले?" मी विचारलं.

"घ्या. चूल पेटवाले कामी येईन."

"अवो, मी आपला गमतीनं..."

"मले अक्षर कोठी येते?" ती म्हणाली आणि आत गेली.

तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात भयंकर आठवडा. जेवण वेळेवर. मीठ नेमकं. एक भाकरी करपली नाही. पांढऱ्याशुभ्र, गोल, पापुद्रा सुटलेल्या भाकरी मी मान खाली घालून गिळत होतो आणि ती चुलीकडं पाहत बसलेली. मी दोनदा म्हणालो, "चुकलं." ती दोनदा म्हणाली, "भाकर वाढू?"

शनिवारी मी स्वतः पुस्तक उघडलं. तीन पानं वाचली. छापणाऱ्याच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका सापडल्या, पण कोण कोणाशी बोलतंय हे काही कळलं नाही. चौथ्या पानावर झोप लागली.

रविवारी पोट दुखतंय असं सांगता आलं असतं. पण वीस माणसं येऊन बसली होती. पुंजाजीनं माझ्यासाठी मळ्यातली टोपलीभर वांगी आणली होती. मी उभा राहिलो आणि सुटलो. इंदुप्रभेनं लुगड्याचा दोर केला, त्यावरून ती गडाखाली उतरली, खाली तिच्या वडिलांचा पांढरा घोडा उभा होता! घोड्यानं तिला ओळखलं! पाठीवर घेतलं! मागं दुश्मन, पुढं नदी, आणि घोड्यानं जी उडी घेतली ती थेट पलीकडच्या काठावर! पुंजाजी उठून उभा राहिला. "शाबास रे माह्या राजा!" तो ओरडला. हे कोणाला ते कळलं नाही, पण मी मान लववली. टाळ्या पडल्या.

वकिलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी कोटाच्या आतून एक जाडजूड पुस्तक काढून मांडीवर ठेवलं. 'इंदुप्रभा अथवा मोहनगडची बंदिवान.'

"रविवारपर्यंत धीर धरवेना," ते म्हणाले, "म्हणून पुण्याहून टपालानं, व्ही. पी.नं मागवली. परवा आली. बुलढाण्याच्या खटल्याची तारीख वाढवून घेतली आणि वाचून काढली. शेषराव, तुमचा घोडा कोणत्या पानावर आहे?"

"मधे कुठंतरी."

"मधे म्हणजे? तीनशेच्या अलीकडं की पलीकडं?"

"तुमची आवृत्ती वेगळी असेल."

"पुस्तकाची आवृत्ती एकच निघाली आहे. असं सांगा, ह्या पुस्तकात घोडा आहे का?"

"गड आहे म्हणजे घोडा असेलच."

"नाही," वकील म्हणाले. "मेव्हणाही नाही."

मी अकरा वर्षं तहसीलदारांच्या कोर्टातल्या उलटतपासण्यांच्याही नकला केल्या होत्या. साक्षीदार घाम कुठं पुसतो हे मला पाठ होतं. मी तिथंच पुसला.

"मी वाचलं नाही," मी म्हणालो. "बेचाळीसपैकी एकही नाही. सगळी आमच्या घरातून वाचली गेली. मी नुसता वाहून नेत होतो."

कोणी हसलं नाही, हे मी त्या लोकांचं आजही मानतो. मास्तर रजिस्टराची पानं मागं मागं उलटत राहिले, जणू कुठंतरी खरं नाव उमटलेलं सापडेल. शेवटी पुंजाजी बोलला.

"म्हंजे त्या पोरीची खरी हकीकत बाईले मालूम आहे?"

"हाव."

"मंग आपन इथं काऊन बसलो?"

त्यानं पागोटं डोक्याला घातलं आणि तो चालायला लागला. त्याच्यामागं मास्तर, वकील, बाकीचे, आणि सगळ्यांच्या शेवटी वांग्यांची टोपली घेऊन मी.

अन्नपूर्णा अंगणात ज्वारी पाखडत होती. वीस माणसं गल्लीतून येताना पाहिली आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं. तिला वाटलं, मला काहीतरी झालं. मग गर्दीमागं टोपली घेतलेला मी दिसलो, तेव्हा तिनं डोळ्यांना पदर लावला. ते पाहून मला जे वाटलं, ते विनोदी गोष्टीत सांगण्यासारखं नाही.

मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तुझं वाचलेलं मी माह्या नावावर खपवलं. अन् वरून ते चुलीचं बोललो. ते खोटं होतं. यांनाही सांगून आलो."

तिनं खाली पडलेलं सूप उचललं आणि म्हणाली, "मानसं उभी हायेत. सतरंजी टाका."

मी सतरंजी टाकली. ती उंबऱ्याशी बसली, डोक्यावरून पदर, नजर जमिनीवर. पहिली दोन वाक्यं तर कोणाला ऐकूच आली नाहीत. मग आवाज वर आला. इंदुप्रभा गडावरून उतरली नाही, तिनं लुगड्याचा दोर केला नाही. पहारेकऱ्याची म्हातारी आई रोज भाकर घेऊन यायची. इंदुप्रभा रोज तिच्याशी दोन शब्द बोलायची, तिच्या गावचं विचारायची, तिच्या मेलेल्या लेकीचं विचारायची. चार महिने. आणि एका दुपारी म्हातारीनं भाकर ठेवली, आणि जाताना दार लावलं नाही.

वकिलांनी मांडीवरचं पुस्तक केव्हाच मिटलं होतं.

"हे माझ्या प्रतीत आहे," ते हळूच म्हणाले, "पण असं नाही."

मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी रजिस्टरातलं माझं नाव खोडून तिथं 'सौ. अन्नपूर्णाबाई' असं लिहिलं. मंडळ आमच्या अंगणात भरायला लागलं. वकिलांची मंडळी यायला लागली, मास्तरांची यायला लागली, आणि दोघीही नवऱ्यांना न सांगता पुष्कळ वाचत होत्या असं निघालं. भाकरी पुन्हा करपायला लागल्या. माझ्याकडं सतरंजी टाकण्याचं काम कायमचं आलं.

एका रविवारी सगळे गेल्यावर मी सतरंजी झटकता झटकता म्हणालो, "एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. ती घोड्याची हकीकत मी उभ्या उभ्या रचली. वाचन नसन मले, पन डोकं तं आहे."

अन्नपूर्णा माझ्याकडं फार मायेनं पाहायला लागली. मी घाबरलो.

"ते तुमी नाई रचली," ती म्हणाली. "ते आषाढात वाचली त्या कादंबरीतली. तुमी जेवून राह्यले होते, मी आपल्या मनानंच सांगून राह्यली होती. तुमी हूं हूं म्हनत होते."

"म्हणजे मी आयकत होतो!" मला आनंदच झाला.

"आयकत कायचे? घोडा नव्हता त्यात. हत्ती होता."

"हत्ती? अन् नदीवरून उडी मारली त्यानं?"

"हत्ती उडी मारते का कधी? पान्यातून चालत गेला. उडी तेवढी तुमची."

तेवढी तरी माझी निघाली, ह्या समाधानात मी दुसऱ्या दिवशी किसनराव मास्तरांना हे मुद्दाम जाऊन सांगितलं.

"असं होय?" मास्तर म्हणाले. "तेवढीच मला पटली नव्हती."