सामाईकाची सासू

घासून परत आणलेलं पातेलं यशोदामावशी आधी बोटाच्या पेराने वाजवायच्या, मग त्याला कान लावायच्या आणि निकाल द्यायच्या, "हे घासलेलं नाय, नुसतं विसळलंय. परत ने." आवाजावरून खरकटं ओळखणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. चीड याची यायची की त्यांचं कधी चुकत नसे.

बुवापाड्यातल्या आमच्या चाळीची सामाईक भांडी होती. मोठी पातेली, पराती, झारे. जुन्या लोकांनी वर्गणी काढून उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारातून आणलेली. बारसं असो की मयत, ज्याला लागतील त्याने न्यायची आणि घासून परत द्यायची. भाडं नाही. भांडी जिन्याखालच्या खोलीत आणि त्या खोलीची चावी मावशींच्या कमरेला. कुणी कुरकुरलं की म्हणायच्या, "सामाईकाला सासू लागते, बाई. नायतर सगळ्याच सुना!"

मला मावशींचा हेवा वाटायचा. उगाच आडपडदा कशाला? मी बी.कॉम., बदलापूरच्या एका शाळेत क्लार्क. मावशी सहीच्या जागी अंगठा उमटवणाऱ्या. तरी चाळीत कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं की पहिली बातमी मावशींना. माझ्याकडे लोक यायचे ते रेशनकार्डाचा फॉर्म भरायला. त्यात माझ्या लेकीच्या बारशाला मी मोठं पातेलं मागितलं, तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "साठ माणसांना मोठं कशाला? शो करायचाय का? मधलं ने." मधल्यात सगळं बरोब्बर पुरलं, म्हणून तर जास्तच झोंबलं.

शेवटी चाळीच्या मीटिंगमध्ये मी ठराव मांडला. भांड्यांचा कारभार पद्धतशीर हवा. छापील अर्ज, तोही दोन दिवस आधी, आणि चावी शिकलेल्या माणसाकडे. 'छापील' म्हटल्यावर पुरुषमंडळींनी माना डोलावल्या. मावशींनी तिथल्या तिथे कमरेची चावी काढून माझ्या हातावर ठेवली. "मोठ्या पातेल्याची एक कडी ढिली हाय," एवढंच बोलल्या. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

अडीच महिने कारभार झकास चालला. मग एका सकाळी, मी कामावर गेल्यावर, शेजारच्या जाधवांचे आजोबा गेले. मेलेला माणूस दोन दिवस आधी अर्ज करत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चावी माझ्या पर्समध्ये, पर्स बदलापुरात, आणि मोबाईल घेण्याची ऐपत तेव्हा आमची नव्हती.

संध्याकाळी परत आले तेव्हा माती देऊन आलेली पन्नास-साठ माणसं पंगतीला बसली होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनीच जेवू घालायचं. पोरं कुलूप तोडायला निघाली होती म्हणे. मावशी आडव्या आल्या. "मीटिंगमध्ये ठरलंय. सामाईकाचं कुलूप तोडायचं नसतं." आणि स्वतःच्या दोन चिमुकल्या पातेल्यांत त्यांनी नऊ वेळा भात टाकला होता. सगळी चाळ त्यांच्या हाताखाली राबत होती. खरं सांगते, मला तेव्हाही आधी हेवाच वाटला. लाज मागून आली.

दुसऱ्या दिवशी मी चावी घेऊन त्यांच्याकडे गेले. चाळीत राहायला आल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्यांच्या उंबऱ्याच्या आत मी पाहिलंच नव्हतं. मांडणीवर एक ताट, एक पेला. चावी त्यांनी घेतली नाही.

"राहू दे तुझ्याकडं. ठरलंय ना?" मग स्वच्छच असलेला ओटा उगाच पुसत म्हणाल्या, "फक्त एक कर गं. अर्ज द्यायच्या आधी मावशीला विचारून या, असं सांग लोकांना. खोटं खोटंच सांग. अडीच महिने कुणी दार वाजवलं नाय बघ. कुणाकडं काय चाललंय, मला काय कळतच नाय."

मी घरी येऊन सगळ्या अर्जांवर पेनाने एक ओळ वाढवली: आधी यशोदामावशींना भेटणे.

आणि पहिली मीच गेले.

"कंचं कार्य काढलंस? भांडी कशाला हवीत?" त्यांनी आतूनच विचारलं.

"भांडी नकोत," मी म्हटलं आणि दारात चपला काढल्या.