सहा बिस्किटं, पन्नास तास

सहा बिस्किटं जिरवायला माणसाला किती चालावं लागतं, ठाऊक आहे तुम्हाला? बोर्ली पंचतनच्या भातगिरणीवर माप धरणाऱ्या दत्तात्रेयांनी त्याचं गणित केलं आणि ते भर उन्हात चालत सुटले.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "दिवसाला पंधराशे कॅलरी, बस. मंगळवारी सकाळी आठला साखर बघू. वाढली असेल तर रोज इन्सुलिनचं इंजेक्शन." आणि दत्तात्रेय सुईला इतके भ्यायचे, की बायकोने, सगुणाबाईंनी, गोधडी शिवायला घेतली की ते उठून ओटीवर जायचे.

सोमवारी दुपारी मात्र घात झाला. बोटीवर नोकरी करणाऱ्या मेव्हण्याने परदेशातून आणलेला डबा समोर होता. एकच खायचं, असं ठरवून त्यांनी सहा खाल्ली. (मोजून सहा. मापाचा माणूस!) मग डबा वाचला. एका बिस्किटात चारशे किलोज्यूल. म्हणजे चोवीसशे!

याच्या कॅलरी किती? मुलगी मृणाली अकरावी सायन्सला. ती कॉलेजात, पण तिच्या फिजिक्सच्या वहीत 'कॅलरी–ज्यूल' खाली चौकटीत आकडा सापडला : ४.१८. गुणायचं की भागायचं, ही शंकासुद्धा दत्तात्रेयांना आली नाही. पायलीचे शेर करताना चाराने गुणतात, जन्म त्यातच गेला. आणि ज्याच्या नावातच 'किलो', ते मोठं माप, म्हणजे पायलीच असणार!

उत्तर आलं दहा हजार. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं, तासभर चालणं म्हणजे दोनशे कॅलरी. पन्नास तास! आणि आठ वाजायला उरले होते अठरा.

"अवो, ह्या उन्हात कुठं निघालात?" परसातून सगुणाबाई ओरडल्या.

"दिवेआगरला! जगलो तर येतो!"

वाटेत रावजीने रिक्षा थांबवली. "दत्तूशेट, बसा की!"

"नको रे बाबा, बसलो तर मेलो!"

"माझी गाडी येवढी वाईट न्हाय हां!"

दिवेआगर, परत बोर्ली, पुन्हा दिवेआगर. घशाला कोरड, पायांत गोळे, आणि डोळ्यांपुढे हातभर लांब सुई. दिवस मावळता मावळता दुसऱ्या फेरीहून परतताना मृणालीची स्कूटी आडवी आली.

"बाबा, आई रडतेय! काय चाललंय तुमचं?"

"बाजूला हो! अजून पंचेचाळीस तास हायत!"

सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारला. "अहो, डॉक्टरांची कॅलरी मोठी, किलोज्यूल लहान. पायली कॅलरी आहे, बाबा! भागायचं होतं. सहाशेसुद्धा नाहीत!"

"सहाशे? मग मी चाललो ते?"

"हजार तरी जिरवल्यात."

भीती गेली, आणि तिच्याबरोबर चालण्याचं कारणही गेलं. दत्तात्रेय रस्त्याच्या कडेला मटकन बसले ते उठलेच नाहीत. शेवटी रावजीच्याच रिक्षातून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तात्रेयांची साखर अगदी बेताची निघाली, आणि पाय आखडून खुर्चीतून उठता येईना म्हणून डॉक्टरांनी त्यांना कमरेत दोन इंजेक्शनं दिली.