वीसपटीचं दर्शन

या, अजून जवळ सरका. भाजलेले चणे आहेत, मूठमूठ घ्या आणि ऐका. हसू आलं तर माझ्यावरच हसा, माझी हरकत नाही.

खरेदीत मला कोणी शिकवू नये, असं माझं मत होतं. कलिंगड मी टिचकी मारून निवडते, दोन्ही जावई एका नजरेत निवडले; दुर्बिणीचं ते काय मोठंसं!

काम मात्र जिवाचं होतं. माझा धाकटा भाऊ पाखोमिओस बारा वर्षांपूर्वी आथोसच्या डोंगरावर साधू झाला. तिथे सगळे साधूंचे मठ, बाईमाणसाला पाऊल टाकता येत नाही. आम्ही अर्धा किलोमीटर लांबून, बोटीतूनच हात जोडायचे. त्याचा निरोप आला, "गुरुवारी बोट जाईल तेव्हा मी मठाच्या सज्ज्यात उभा राहीन." बारा वर्षांनी त्याचं तोंड दिसणार होतं.

थेसालोनिकीच्या बाजारात अनेस्तिसचं चष्म्यांचं आणि दुर्बिणींचं दुकान आहे. त्यानं एक चिमुकली दुर्बीण पुढे केली. "ताई, बोटीवर आठपटीचीच घ्या. वीसपटीची हातात ठरत नाही, डोंगर नाचायला लागतो."

"भाऊ माझा आहे. आठपट जवळ येऊन अडेल कशाला? वीसपटीची काढ."

"ती तिवईवर ठेवावी लागते हो."

"माझी जाऊ झुम्बुलिया येतेय. तिचा खांदा काय तिवईपेक्षा कमी आहे?"

अनेस्तिसनं कपाळाला हात लावला. दुर्बीण तान्ह्या बाळाएवढी जड होती. मी पोटाशी धरून घरी आणली.

गुरुवारी बोटीत मी झुम्बुलियाच्या खांद्यावर ती टेकवली. आधी नुसतं आभाळ दिसलं. मग एका समुद्रपक्ष्याचा रागीट डोळा. मग मठ एकदाचा सापडला, पण लग्नातल्या वरातीसारखा नाचत. झुम्बुलिया तिळाची कुलुरी, म्हणजे पावाचं खमंग कडं, खात होती.

"जाऊबाई, चावू नकोस."

"मग अख्खी गिळू?"

"आणि श्वास जरा जपून घे."

"आणखी काही? हृदय थांबवू का घटकाभर?"

पण तिनं खरंच श्वास रोखला, आणि तो दिसला. काळा झगा, काळी टोपी, दोन्ही हात पसरून उभा.

"दिसला! आपल्याला आशीर्वाद देतोय! किती वाळलाय गं."

बोटीतल्या बायकांनी छातीवर क्रूस काढले. आमचे पाद्रीबाबा प्रवचन सांगता सांगता गातात ना, त्यातलंच पाखोमिओसच्या आवडीचं स्तोत्र मी खड्या आवाजात धरलं. चाळीस बायकांनी साथ दिली, कप्तानानं भोंगा वाजवला. तो तसूभर हलला नाही. एक कावळा येऊन त्याच्या डोक्यावर बसला, तरीही नाही.

"बघ," मी रडत म्हटलं, "पाखरांनासुद्धा त्याची भीती वाटत नाही. संतच झाला माझा भाऊ."

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ताई, मी सज्ज्यात रुमाल हलवून हलवून दमलो. तू सारा वेळ आमच्या टोमॅटोच्या वाफ्याकडे काय पाहत होतीस?"

"मग तो हात पसरलेला?"

"बुजगावणं ते. झगा माझाच आहे, जुना."

मी खाटेवर बसले. "म्हणजे मी तुला पाहिलंच नाही."

"मी पाहिलं ना तुला. पिवळा रुमाल बांधला होतास. केस पांढरे झाले तुझे, आईसारखी दिसतेस. आणि दुसऱ्या कडव्यात अजूनही सूर चढवतेस. मी इतका हसलो की मठाधिपतींनी डोळे वटारले."

"तुला एवढं कसं दिसलं रे?"

"एक यात्रेकरू इथे छोटी दुर्बीण विसरून गेला होता. आठपटीची."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. अनेस्तिसनं चिमुकली दुर्बीण काढली, काच पुसली, माझ्यापुढे ठेवली. येत्या गुरुवारी पुन्हा बोट आहे.

तर मंडळी, रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावून प्रार्थनेसाठी नावं लिहून द्याल, तेव्हा जिवंतांच्या यादीत अनेस्तिसचं नाव जरूर घाला. माझ्या यादीत तो पहिला आहे. फक्त हे त्याच्या कानावर घालू नका, मला अजून त्याच्याकडून चष्मा घ्यायचाय.