चंपतरावांच्या डोळ्यांचं पाणी

"या खुर्चीवरून मले आता फक्त पेन्शनच उठवन!" असं चंपतरावांनी भर कचेरीत जाहीर केलं, तेव्हा नागपुरात मे महिना भाजून काढत होता आणि त्यांच्या डोक्यावर विजेचा पंखा गरगरत होता. साल एकोणीसशे सदतीस. कचेरीत पंखे दोनच. एक साहेबाच्या खोलीत, दुसरा हेडक्लार्कच्या खुर्चीवर. बाकीच्या बारा कारकुनांना वाळ्याच्या तट्ट्यांतून झुळूक लागली तर लागली!

जुने हेडक्लार्क निवृत्त झाले आणि चंपतराव तूर्त त्यांच्या जागी बसले. कायम करायचं की नाही, हे साहेबाच्या हातात होतं. बावीस वर्षं खर्डेघाशी केल्यावर माणसाला एवढं तरी मिळावं की नाही? घरी त्यांच्या पत्नी यमुताई तर आत्तापासूनच शेजारणींशी जरा मान वर करून बोलायला लागल्या होत्या.

आठ दिवसांत चंपतरावांचे डोळे वाळू गेल्यासारखे खुपायला लागले. मग पाणी सुरू झालं. पाणी कसलं, धाराच! आता हा माणूस कसा, तर एका कारकुनाला त्याच्या स्वतःच्या लग्नासाठी अर्ध्या दिवसाची रजा देणारा. आणि शेजारच्या टेबलावरचे रुपराव "सासऱ्याची तेरवी हाय जी" म्हणत अर्ज घेऊन आले, तर हे घळाघळा पाणी गाळत बसलेले! रुपराव चाटच पडले. एवढं तर ते स्वतःसुद्धा रडले नव्हते.

"याईच्या घरी काहीतरी इपरीत घडलं, बाप्पा!" रुपरावांनी सगळ्यांना सांगितलं. "माणूस सांगून नाही राहिला, पण आतून फुटला हाय."

शनिवारी कचेरी सुटली आणि बाराही कारकून थेट चंपतरावांच्या महाल पेठेतल्या घरी गेले. दुःखाच्या घरी आपण आधी बोलायचं नसतं. म्हणून बाराही जण ओसरीवर ओळीनं, माना खाली घालून गप्प बसले. यमुताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. नवरा अजून घरी नाही आणि अख्खी कचेरी दारात मुकी बसलेली! त्यांच्या पायांखालची जमीनच सरकली.

"काय झालं जी त्याईले?" त्यांनी हंबरडा फोडला.

"धीर धरा, वहिनी," रुपराव गहिवरले.

"अवो, पण कसे गेले?"

"कोण गेलं? तेच तर आमी तुमाले इचारून राहिलो!"

इतक्यात चंपतराव काखेत टरबूज घेऊन आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत दारात उभे! यमुताईंनी एक किंकाळी फोडली, शेजारच्या बायका धावत आल्या, टरबूज ओसरीवर आपटून फुटलं. अर्ध्या तासानं सगळा उलगडा झाला, तेव्हा फुटलेलं टरबूज बारा जणांनी मिळून संपवलं.

"उद्याच्या उद्या डोळ्याच्या डाक्टरकडं जा, जी. मले ह्या वयात दोन येळा विधवा नाही व्हायचं!" यमुताईंनी बजावलं.

सीताबर्डीवरच्या डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "तुमचे डोळे कोरडे पडलेत."

"कोरडे?" चंपतराव उसळलेच. "डाक्टरसाहेब, तीन उपरणे भिजले ना जी माझे!"

"म्हणूनच!" डॉक्टर शांतपणे म्हणाले. "डोळ्याची स्वतःची ओल असते, थोडी स्निग्ध. ती वाऱ्यानं उडून गेली की डोळा घाबरतो आणि भसाभसा पाणी सोडतो. ते टिकत नाही, नुसतं वाहून जातं. तुम्ही बसता कुठे?"

"पंख्याखाली," चंपतराव अभिमानानं म्हणाले.

"अन् वाचताना पापणी लवते का? बारीक अक्षरांवर नजर खिळवून बसता तुम्ही. गरम पाण्यात फडकं पिळून मिटल्या डोळ्यांवर ठेवा, दर ओळीला पापण्या मिटा, आणि ती खुर्ची सोडा!"

फडकं यमुताईंनी लगेच सुरू केलं. रोगाचं नाव रुपरावांकडून कचेरीभर झालं. पण खुर्ची? बावीस वर्षांनी मिळालेली? चंपतराव पंख्याखालीच राहिले.

पुढच्या सोमवारी साहेबानं आपल्या बदलीची खबर सांगितली. इंग्रज खरा, पण मराठी शिकलेला अर्ज वाचून वाचून, त्यामुळे बोलायचाही तसाच. कारकून खाली बघून गालातल्या गालात हसत होते, कारण साहेब फार कडक, तो जाणार म्हणून सुटकाच. चंपतराव मात्र पंख्याखालून नुकतेच उठलेले, गाल ओलेचिंब! साहेब थबकला.

"चंपतराव, नऊ वर्षांत आमच्याकरिता प्रथमच कोणी रडले. सबब, नव्या साहेबाकडे तुमच्या नेमणुकीची शिफारस आम्ही स्टेशनावर समक्ष करू."

चंपतरावांनी गाल न पुसताच वाकून नमस्कार केला. जागा पक्की म्हटल्यावर त्यांनी मोठ्या मनानं खुर्ची खिडकीजवळ ओढली. पंधरा दिवसांत डोळे अगदी स्वच्छ झाले!

स्टेशनावर हार झाले. साहेबानं नव्या साहेबाला पुढे आणलं. "हेच ते," असं म्हणून तो चंपतरावांच्या तोंडाकडे बघत राहिला. चंपतरावांनी मांडीला चिमटा काढला. वारलेल्या वडिलांना आठवलं. पाण्याचा टिपूस नाही!

"आज अश्रू नाहीत?" साहेबानं हळूच विचारलं. त्याच्या डोळ्यांतली आशा बघून चंपतरावांना खोटं बोलवेना.

"सायेब, ते रडनं नव्हतं जी. बिमारी होती. डोळे कोरडे पडले होते."

साहेब टोपी सारखी करत म्हणाला, "म्हणजे, सदरहू कचेरीत आमच्याकरिता कोणीच रडले नाही."

शिफारस राहिलीच. तो डब्यात चढला, गाडी हलली. खिडकीतून त्यानं हात बाहेर काढला, तर निरोपाला हात वर करणारं कोणी नव्हतं. नव्या साहेबाच्या सामानापाशी थांबलेले रुपराव सोडले, तर कारकून कधीच परत फिरले होते. कडक होता, पण बिचारा एकटाच होता की! चंपतराव गाडीबरोबर धावत सुटले, उपरणं हलवत, "सायेब, सायेब" करत, आणि आता मात्र खरोखर ढसाढसा रडत. साहेबाचा डबा पुढे निघून गेला होता.

नवा साहेब चकित होऊन बघत होता. "त्या माणसाला काय झालं?" त्यानं रुपरावांना विचारलं.

रुपरावांचा जीव खरंच कळवळला. "काही नाही, सायेब," ते म्हणाले. "डोळे कोरडे हायत त्याईचे."

"एवढे? मग त्यांना तीन महिने सक्तीची रजा द्या. तोवर त्यांच्या खुर्चीवर तुम्ही बसा!"