गोल विचाराधीन आहे

आमच्या कंपनीच्या हॉकीच्या गेममधल्या एकाही खेळाडूला घाम येत नाही, ही गंभीर बाब एका गिऱ्हाइकाने फोन करून साहेबांच्या निदर्शनास आणून दिली. तोपर्यंत सगळं सुरळीत चालू होतं.

सुरळीत म्हणजे असं, की गेम चालू केला की लगेच चेंडू तुमच्या स्टिकवर. खेळाडू माणसाच्या दुप्पट उंच उडायचे, गोलकीपरच्या डोक्यावरून कोलांटी मारायचे, आणि लाल बटण दाबून धरलं की चेंडू पेट घ्यायचा. त्याला आगफटका म्हणायचे. जाळ्याची राख व्हायची, पब्लिक खुर्च्यांवर चढून नाचायचं. ही सगळी करामत माझ्या ताईची. डोळ्यांचं वाटोळं करून घेऊन तिने तो गेम बनवला होता. माझं काम एवढंच, की दिवसभर खेळायचं आणि कुठे काय बिघडलं ते ओरडून सांगायचं. शाळेच्या बाकावर बसवत नाही म्हणून शाळा सोडलेल्या पोरीला यापेक्षा बरी नोकरी मिळत नाही.

साहेबांनी फोन ठेवला आणि सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"लोकांना आता खरं पाहिजे," ते म्हणाले. "उड्याबिड्या बंद. आपण वास्तववादी व्हायचं."

"म्हणजे नक्की काय करायचं?" ताईने विचारलं.

"ते आमचे सासरे सांगतील."

साहेबांचे सासरे म्हणजे पंचकाका. जन्मभर हॉकीचे पंच होते. निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नव्हती. त्यांची वास्तवता सल्लागार या पदावर नेमणूक झाली. आल्या आल्या त्यांनी खिशातून कार्डं काढून टेबलावर मांडली. हिरवं दाखवलं की थोडा वेळ जिन्यात उभं राहायचं, पिवळं दाखवलं की बराच वेळ, लाल म्हणजे थेट घरी.

"पण का?" मी विचारलं.

हिरवं.

मी जिन्यातून परत आले आणि म्हटलं, "काका, हे ऑफिस आहे हो!"

पिवळं.

तर घामापासून सुरुवात झाली. ताईने खेळाडूंना घाम आणला. पंचकाका म्हणाले, घाम येतो तर दमायला पाहिजे. दमतात तर पाणी प्यायला पाहिजे. आणि पाणी प्यायले, की...

"काय?" साहेब.

"जायला पाहिजे," पंचकाका गंभीरपणे म्हणाले.

मग मैदानामागे मुतारी बांधण्यात आली. तिला कडी नव्हती. पंचकाकांनी हयातभर जेवढी मैदानं पाहिली, त्यातल्या एकाही मुतारीला आतून कडी नव्हती, त्यामुळे कडी लावणं वास्तवाला धरून झालं नसतं. साहजिकच एक खेळाडू आत गेला की दुसऱ्याने बाहेरून दार धरून उभं राहायचं. म्हणजे प्रत्येक वेळी मैदानातून दोघे गायब.

"मग गोल कोण करणार?" मी विचारलं.

"गोल होणं ही अपवादात्मक घटना आहे," पंचकाका म्हणाले. "तिच्यासाठी धोरण बदलता येत नाही."

पुढे खेळाडू हवेतून टपकण्याऐवजी बसने यायला लागले. बस आली म्हणून ती रस्त्यात बंद पडायला लागली. बंद पडली म्हणून ढकलायची सोय झाली. मैदानावर पोचलं की प्रमुख पाहुण्यांची वाट बघायची. पाहुणे आले की सगळ्यांशी हात मिळवायचा, दर हाताला एकदा निळं बटण. त्यानंतर भाषण. 'भाषण वगळा' असं एक बटण मी मागितलं.

"प्रत्यक्षात असं बटण असतं का?" पंचकाकांनी विचारलं.

असतं तर मी शाळा तरी कशाला सोडली असती?

पण खरा घाव निवड समितीने घातला. पंचकाकांचं म्हणणं पडलं, की गेम विकत घेतला म्हणून कोणीही उठून संघात खेळतो, हे कुठल्या जगात घडतं? संघात खेळतो कोचचा भाचा. तेव्हापासून गेम घेणारा माणूस राखीव खेळाडूंच्या बाकावर बसायला लागला. निळं बटण दाबलं की तो मांडी बदलायचा. हिरवं दाबलं की नख खायचा. लाल दाबून धरलं की कोचकडे आशेने बघायचा.

लाल बटण म्हणजे आगफटक्याचं बटण. ताईचं डोकंच फिरलं.

"माझा आगफटका कुठाय?"

"मैदानात उतरलात तर आहे की," साहेब म्हणाले. "पण काढूनच टाकू. खरा चेंडू काय पेटतो?"

"साहेब, लोक त्याच्यासाठी खेळतात."

"बरं. तपासणीच्या दिवशी माझ्यासमोर आगफटक्याचा गोल करून दाखवा. एकच. झाला तर राहील. नाही झाला, तर तो जाईल आणि तुमची गवत विभागात बदली."

गवत विभाग नवीनच निघाला होता. तिथे टर्फचं एकेक पातं वेगळं काढायचं. टर्फ प्लॅस्टिकचं असतं आणि सगळी पाती सारखीच असतात, असं तिथला चित्रकार एकदा बोलून गेला होता. "तुम्ही वाकून पाहिलंय का?" असं पंचकाकांनी त्याला विचारलं. तेव्हापासून तो वाकलेलाच आहे.

मी जिन्यात उभी होते, पिवळ्यावर. ताई येऊन शेजारच्या पायरीवर बसली.

"मला गवत नाही काढायचं गं," ती म्हणाली. "एक गोल मार. कसाही."

"कसाही कसा? त्या मेल्या भाच्यामुळे मी बाकावरच मरणार!"

ताईने चष्मा काढून ओढणीने पुसला. मग म्हणाली, "भाच्याला तहान लागते ना?"

"मग?"

"जरा जास्त लावते."

तपासणीच्या दिवशी सगळं ऑफिस पडद्यासमोर बसलं. मी बस ढकलली. हात मिळवले. भाषण ऐकलं, त्यात चित्रकाराला डुलकी लागली. मग बाकावर बसून मी मांडी बदलली, नख खाल्लं, आशेने बघितलं. तिकडे भाचा पळतोय आणि पाणी पितोय, पळतोय आणि पाणी पितोय. अखेर तो पोट धरून थांबला आणि मुतारीकडे सुटला. आता भाच्याचं दार दुसरं कोण धरणार? कोच स्वतः गेला. घरचाच माणूस.

बाकाजवळ अडवायला कोणीच उरलं नाही. मी मैदानात घुसले.

"अगं, बदली खेळाडूची परवानगी!" पंचकाका ओरडले.

"कोचला विचारा," मी म्हटलं. "दार धरून उभा आहे."

चेंडू माझ्या स्टिकवर आला. समोरचा गोलकीपर खाली बसून पॅडचा पट्टा बांधत होता, कारण तो पट्टा खऱ्यासारखा तुटका करून दिला होता. मी लाल बटण दाबून धरलं. चेंडूने पेट घेतला आणि सणसणत जाऊन जाळ्यात शिरला.

मी खुर्चीवर चढून किंचाळले. ताईने मला कंबरेला धरून उचललंच. चित्रकार दचकून जागा झाला आणि कशासाठी ते न कळता टाळ्या वाजवायला लागला.

शिट्टी वाजली. गेममधली नाही, खोलीतली.

"आग लागली," पंचकाका म्हणाले.

"लागलीच! आगफटका आहे तो!"

"तसं नाही. टर्फ खऱ्या प्लॅस्टिकचं आहे. ते पेटणार."

आणि पेटलं. चित्रकाराने वेगळं काढलेलं एकेक पातं वेगवेगळं जळायला लागलं. विझवायला पाणी नव्हतं, ते भाचा प्यायला होता. अग्निशमन दलाचा बंब आला तो फाटकाशीच अडकला, कारण फाटकात प्रमुख पाहुण्यांची गाडी आडवी लावलेली आणि ड्रायव्हर जेवायला गेलेला. प्रेक्षक पळाले नाहीत, ते फोन वर धरून शूटिंग करत होते. गोल झाला की नाही हे ठरवायला व्हिडिओ पंचांकडे दाद मागितली गेली. व्हिडिओ पंचांची खोली जळाली होती. पडद्यावर पाटी आली: 'गोल विचाराधीन आहे.'

मी साहेबांकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अगदी खरं वाटलं हो," ते म्हणाले.

गेम त्याच अवस्थेत बाजारात आणायचं ठरलं. ताईचं काय, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, गोलचा निर्णय लागेपर्यंत तिला ना ठेवता येतं, ना हलवता येतं. सबब तिने अर्धा दिवस आपल्या जागेवर बसावं आणि अर्धा दिवस गवतात. मी टेबलावरचा माऊस आपटला. मला लाल कार्ड मिळालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, कारण तेवढा वेळ बाकावर बसायला दुसरं कोणी तयार होईना.

गेम मात्र तुफान खपला. दिवसभर राबून आलेली माणसं घरी जेवून बाकावर बसतात, मांडी बदलतात, कोचकडे आशेने बघतात. पेपरवाल्यांनी 'काळाचा आरसा' म्हणून लिहिलं. फोन येतातच. बाक करकरत नाही, अशी एक तक्रार होती, ताईने तो करकरवला. पाहुण्यांचं भाषण फार लवकर आटपतं, अशी एक होती, ते वाढवलं. भाच्याची बढती का होत नाही, अशा तर कितीतरी. त्याला आता कर्णधार केलाय.

मुतारीच्या दाराला एक कडी लावा, म्हणून अजून एकाचाही फोन आलेला नाही.

आणि तुम्ही कसले हसताय? इतका वेळ तुम्हीही वाचताय. बस ढकलली, म्हणालात असंच असतं. भाषण झालं, भाचा घेतला, म्हणालात असंच असतं. कडी सुचली होती तुम्हाला? खरं सांगा.

नाही ना? मग सरका जरा तिकडे. बाक आखूड आहे, आणि मलाही टेकायचंय.